बालमनातील भीतीशी झुंजलेल्या ताराबाई मोडक

रायपूर : शंकर नगरसारख्या शहरी वसाहतीपासून दुर्गम पाड्यांपर्यंत 'अंगणवाडी' हा शब्द आज सर्वत्र रुळला आहे. हा शब्द ज्यांच्या कार्यातून पुढे आला, त्या ताराबाई मोडक यांनी बालकाच्या मनातील भीती हाच शिक्षणातील पहिला अडसर मानला होता. मुलांना आपल्या भावना ओळखता व आवरता याव्यात, हा विषय अलीकडे अभ्यासक्रमात आला. ताराबाईंच्या बालवाडीत तो कितीतरी आधी खेळांतून आणि गाण्यांतून शिकवला जात होता.

१९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाच्या संस्कारांत वाढलेल्या केळकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर त्यांचे वास्तव्य अमरावतीत होते. मात्र संसार टिकला नाही. एका लहान मुलीची जबाबदारी घेऊन त्या राजकोटच्या महिला प्रशिक्षण महाविद्यालयात प्राचार्य झाल्या. हे मानाचे व स्थिर पद सोडून त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करू लागल्या, हा निर्णय त्या काळी धाडसाचाच होता.

तेथील बालमंदिरात शिक्षा नव्हती आणि बक्षीसही नव्हते. मार जसा मुलाला भित्रे करतो, तसे आमिष त्याला लाचार करते, अशी त्यामागील धारणा होती. गोष्टी, नाट्य, चित्रे आणि मातीकाम यांतून मुलांचा राग, हेवा, दुःख यांना वाट मिळे. माँटेसरी पद्धतीतील शांततेचा खेळ तर विशेष उल्लेखनीय आहे. मुले डोळे मिटून निश्चल बसतात, शिक्षिका दुरून हलक्या आवाजात एकेकाचे नाव घेते आणि ते मूल पावलांचा आवाज न करता तिच्यापाशी जाते. गप्प बसण्याचा हुकूम आणि स्वतःहून साधलेली शांतता यांतील अंतर मुलाला त्यातून कळते.

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. 'शिक्षणपत्रिके'तून ताराबाईंनी पालकांनाही सातत्याने जागे केले.

या पद्धतीची खरी कसोटी १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे लागली. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, तरी दलित वस्तीतील मुले येईनात. परक्या इमारतीचा, परक्या माणसांचा धाक मोठा होता. तेव्हा ताराबाईंनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. शिक्षिका तेथे मुलांना आंघोळ घालत, केस विंचरत, गाणी म्हणत. अक्षरे नंतर येत. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे आले. माँटेसरी पद्धत श्रीमंतांच्या मुलांपुरतीच आहे, हा आक्षेप येथे निकालात निघाला.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये पोहोचले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळा भरू लागली. मूल शाळेत येत नसेल, तर दोष शाळेत शोधावा, ही ताराबाईंची भूमिका अखेरपर्यंत कायम होती.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब प्रदान करण्यात आला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.