मधू लिमये : अटकेचे कारण विचारणारा खासदार

६ नोव्हेंबर १९६८ रोजी बिहारमधील लखीसराय रेल्वे स्थानकावर पोलिसांनी मुंगेरचे खासदार मधू लिमये आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अटक केली. अटकेचे कारण त्यांना कळविण्यात आले नाही. लावलेली कलमे जामीनपात्र आहेत, एवढेच सांगण्यात आले. लिमये यांनी त्याच दिवशी नवी दिल्लीतील सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. राज्यघटनेच्या ३२ व्या कलमाखालील याचिका पत्राच्या रूपात पाठविणे ही त्या काळी नित्याची गोष्ट नव्हती. न्यायालयाने मात्र ते पत्र याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि बिहार सरकारकडे उत्तर मागितले.

अटकेच्या वेळी काही उणीव राहिली असलीच, तरी पुढे दंडाधिकाऱ्याने कोठडी मंजूर केल्यामुळे तो प्रश्न आता उरत नाही, असा सरकार पक्षाचा पवित्रा होता. न्यायालयाला तो मान्य झाला नाही. अटक झालेल्या व्यक्तीला शक्य तितक्या लवकर कारण सांगणे हे घटनेच्या २२ व्या कलमाने शासनावर घातलेले बंधन आहे आणि यांत्रिकपणे दिलेल्या कोठडीच्या आदेशाने मुळातील बेकायदेशीरपणा धुऊन निघत नाही, असे १८ डिसेंबर १९६८ च्या निकालपत्रात स्पष्ट करण्यात आले. लिमये व त्यांचे सहकारी सुटले. पुढे दशकभराने दिल्लीच्या तिहार कारागृहातील एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाविषयी न्यायमूर्तींना पत्र पाठविले आणि १९७९ मध्ये त्या पत्रावरून कैद्यांच्या हक्कांविषयीचा गाजलेला निर्णय झाला. तुरुंगातून आलेला साधा कागदही न्यायालयाने वाचला पाहिजे, ही वाट लिमये यांच्या पत्राने आधीच चोखाळली होती.

ज्यांनी हे पत्र लिहिले, त्यांना तुरुंग नवा नव्हता. मधुकर रामचंद्र लिमये यांचा जन्म १ मे १९२२ रोजी पुण्यात झाला. १९३७ मध्ये त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. एस. एम. जोशी आणि ना. ग. गोरे यांच्या सहवासात ते काँग्रेस समाजवादी पक्षाकडे ओढले गेले. दुसऱ्या महायुद्धाविरुद्ध प्रचार केल्याबद्दल १९४० मध्ये त्यांना धुळ्याच्या तुरुंगात धाडण्यात आले, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. बेचाळीसच्या आंदोलनात ते भूमिगत राहिले. सप्टेंबर १९४३ मध्ये ते पकडले गेले आणि भारत संरक्षण नियमांखाली वरळी, येरवडा व विसापूर येथील तुरुंगांत जुलै १९४५ पर्यंत स्थानबद्ध राहिले. खटला नाही, आरोपपत्र नाही, मुदतीची निश्चिती नाही. विनाचौकशी कैद म्हणजे काय, हे ते कायद्याच्या पुस्तकातून शिकले नव्हते.

तिसरा तुरुंग परकीयांचाच, पण पोर्तुगीजांचा. २५ जुलै १९५५ रोजी सत्याग्रहींच्या तुकडीचे नेतृत्व करीत ते गोव्यात शिरले. त्यांना बेदम मारहाण झाली. पाच महिने पोलीस कोठडीत ठेवल्यानंतर डिसेंबरमध्ये लष्करी न्यायाधिकरणाने त्यांना बारा वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा ठोठावली. लिमये यांनी बचाव केला नाही आणि अपीलही केले नाही. सुमारे एकोणीस महिन्यांच्या बंदिवासानंतर १९५७ मध्ये त्यांची सुटका झाली. त्या दिवसांची त्यांची रोजनिशी त्यांच्या मृत्यूनंतर ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पोर्तुगीज न्यायासनापुढे मौन पाळणारा हा सत्याग्रही स्वतंत्र भारतात अटक होताच तत्काळ न्यायालयाला पत्र लिहितो. परक्या सत्तेकडे न्याय मागण्याचे त्यांना प्रयोजन वाटले नसावे. आपल्या प्रजासत्ताकाकडे मात्र तो हक्काने मागितला पाहिजे, अशी त्यांची धारणा असावी. हा मार्ग समाजवाद्यांच्या परंपरेतलाही होता. डॉ. राममनोहर लोहिया यांना १९६५ मध्ये बिहारमध्ये भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध करण्यात आले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका करताना साधी कायदा व सुव्यवस्था आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांतील भेद दाखवून दिला होता. चीनच्या आक्रमणावेळी, ऑक्टोबर १९६२ मध्ये पुकारलेली आणीबाणी जानेवारी १९६८ पर्यंत चालू होती, ही बाब आज सहसा कोणाच्या स्मरणात नसते.

१९६४ च्या पोटनिवडणुकीत मुंगेरमधून निवडून येऊन लिमये लोकसभेत पोहोचले. पुण्याचा मराठी माणूस बिहारचा प्रतिनिधी झाला आणि १९६७ मध्ये तेथूनच पुन्हा निवडून आला. १९७३ ची पोटनिवडणूक आणि १९७७ ची सार्वत्रिक निवडणूक त्यांनी बांका मतदारसंघातून जिंकली. बिहारच्या मतदारांनी त्यांची जात, भाषा वा प्रांत विचारला नाही, हे आजच्या राजकारणाकडे पाहता नवलाचे वाटते.

संसदेतील त्यांची खरी ओळख घडली ती नियमांवरील प्रभुत्वामुळे. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, स्थगन प्रस्ताव, हरकतीचा मुद्दा, हक्कभंग यांपैकी कोणते साधन कोणत्या क्षणी वापरावे, याची त्यांना अचूक जाण होती. प्रश्नोत्तरांचा तास हा वरवर पाहता साधा प्रकार. मंत्र्याने उत्तर वाचायचे, सदस्याने पूरक प्रश्न विचारायचा आणि विषय संपायचा. पण मंत्र्याने सभागृहात केलेले विधान चुकीचे ठरले तर ते नियमांनुसार दुरुस्त करून घेता येते, आणि जाणूनबुजून दिशाभूल केली असेल तर हक्कभंगाची सूचना देता येते. एखाद्या खात्याच्या आज मिळालेल्या उत्तराशी त्याच खात्याचे जुने उत्तर ताडून पाहणे हे चिकाटीचे काम असते आणि लिमये ते करीत. कागदांचा गठ्ठा घेऊन ते सभागृहात आले की सत्ताधारी बाकांवर चुळबुळ सुरू होई, अशी आठवण त्या काळचे अनेक संसद-सदस्य आणि पत्रकार सांगत.

१९७४ चे आयात परवाना प्रकरण हे या पद्धतीचे ठळक उदाहरण. पाँडिचेरी भागातील व्यापाऱ्यांना परवाने मिळावेत म्हणून एकवीस खासदारांच्या नावे निवेदन सादर झाले होते आणि त्यांतील बहुतेक सह्या बनावट असल्याचा आरोप होता. काँग्रेसचे खासदार तुलमोहन राम यांच्याभोवती हे प्रकरण फिरत होते. केंद्रीय अन्वेषण विभागाने केलेल्या तपासाचा अहवाल संसदेपुढे ठेवा, या मागणीसाठी लिमये, अटलबिहारी वाजपेयी, ज्योतिर्मय बसू आदींनी सरकारला जेरीस आणले. हा वाद काही परवान्यांपुरता नव्हता. सरकारी तपास यंत्रणेला जे आढळले ते जाणून घेण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींना आहे की नाही, हा प्रश्न त्यामागे होता.

त्याच सुमारास, २७ सप्टेंबर १९७४ रोजी, लिमये यांनी नवी दिल्लीत पत्रकार परिषद घेऊन महाराष्ट्राचे तत्कालीन विधिमंत्री ए. आर. अंतुले यांच्यावर आरोप केले. महाराष्ट्र शासनाने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. मंत्र्याची बदनामी झाली म्हणून सरकारी वकिलामार्फत खटला चालविण्याची तरतूद तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. अशा खटल्यात मधल्या टप्प्यावर उच्च न्यायालयाला हस्तक्षेप करता येतो का, या मुद्द्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. कायद्याचा दुरुपयोग थांबविण्याचा उच्च न्यायालयाचा अंगभूत अधिकार तांत्रिक अडथळ्याने संपत नाही, असा निर्वाळा ३१ ऑक्टोबर १९७७ रोजी मिळाला. २०२४ मध्ये जुनी संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ५२८ मध्ये हा अधिकार आला आहे.

न्यायालयात ते नेहमीच जिंकले असे नाही. जमावबंदीच्या १४४ व्या कलमालाच त्यांनी दिलेले आव्हान सात न्यायमूर्तींच्या पीठाने २८ ऑक्टोबर १९७० रोजी फेटाळले आणि ते कलम घटनासंमत ठरविले. पण हे फेटाळताना पीठाने अधिकाऱ्यांसाठी मर्यादा आखून दिल्या. हा अधिकार निकडीच्या प्रसंगासाठी आहे, त्याचा वापर न्यायालयीन परीक्षणाला पात्र आहे आणि शांतता राखण्याचे हंगामी बंधपत्र मागण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याने चौकशी सुरू केलेली असली पाहिजे. २०२० मध्ये जम्मू-काश्मीरमधील इंटरनेटबंदीसंबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच निर्णयाचा आधार घेतला. पन्नास वर्षांपूर्वी हरलेला दावा असाही उपयोगी पडतो.

चौथा आणि सर्वांत कडवट तुरुंगवास आणीबाणीतला. जुलै १९७५ मध्ये लिमये यांना मिसाखाली पकडण्यात आले आणि फेब्रुवारी १९७७ पर्यंत मध्य प्रदेशातील निरनिराळ्या कारागृहांत ठेवण्यात आले. देशभरातील मिसाच्या स्थानबद्धांची संख्या शहा आयोगाने नंतर ३४,९८८ अशी नोंदविली. यावेळी पत्र लिहून उपयोग नव्हता. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने आणीबाणीच्या काळात स्थानबद्धाला सुटकेसाठी दाद मागता येत नाही असे ठरविले. विरोधी मत एकट्या न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांचे होते. लखीसरायच्या वेळी उघडलेले दार याप्रमाणे बंद झाले.

तरीही एक गोष्ट कैद्याच्या हाती उरली होती. पाचव्या लोकसभेची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत असता ती एका वर्षाने वाढविण्यात आली. जनतेने पाच वर्षांसाठी दिलेला अधिकार सभागृहाने स्वतःच वाढवून घेणे लिमये यांना मंजूर नव्हते. त्यांनी तुरुंगातूनच खासदारकीचा राजीनामा दिला. तरुण खासदार शरद यादव यांनीही तोच मार्ग पत्करला. असे करणारे फारच थोडे निघाले. विरोधी पक्षांतील बहुतेकांनी वाढीव मुदत स्वीकारली, हे नोंदविणे भाग आहे.

१९७७ मध्ये जनता पक्ष सत्तेवर आला. लिमये यांनी मंत्रिपद नाकारले आणि पक्षाचे सरचिटणीस म्हणून काम पाहिले. १९७८ मध्ये मिसा रद्द झाला आणि ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तरतूद केली. लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षांची झाली. मात्र याच राजवटीने डिसेंबर १९७७ मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धतेची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेतच घालणारे विधेयक आणले होते आणि टीकेनंतर ते मागे घेतले. तुरुंगातून आलेल्यांनाही तुरुंगाचा मोह किती लवकर पडतो, याचे हे उदाहरण. ४४ व्या दुरुस्तीतील आणखी एक कलम, सल्लागार मंडळाच्या संमतीविना स्थानबद्धतेचा काळ दोन महिन्यांपुरता मर्यादित करणारे, संसदेने मंजूर केले. ते अमलात आणण्याची अधिसूचना मात्र कोणत्याच सरकारने काढलेली नाही. १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला.

दुहेरी सदस्यत्वाच्या वादातून जनता पक्ष फुटला. त्या वादात लिमये अग्रभागी होते आणि सरकार पडण्याचा दोष त्यांच्याही माथी मारला जातो. तो सर्वस्वी अन्यायाचा आहे असे म्हणता येणार नाही. १९८२ मध्ये त्यांनी सक्रिय राजकारण सोडले आणि दिल्लीतच राहून लेखनाला वाहून घेतले. काँग्रेसेतरवाद, जनता पक्षाचा प्रयोग, मंत्रिमंडळ पद्धती या विषयांवर त्यांनी ग्रंथ लिहिले. अभिजात संगीत आणि महाभारत ही त्यांची जुनी आवड होती. पंडारा रोडवरील लहानशा घरात ते आणि प्राध्यापक चंपा लिमये अत्यंत साधेपणाने राहत. दिल्लीच्या उन्हाळ्यातही त्या घरात कूलर नसे. माजी खासदाराचे निवृत्तिवेतन त्यांनी घेतले नाही आणि स्वातंत्र्यसैनिकाचेही नाही.

८ जानेवारी १९९५ रोजी अल्पशा आजारानंतर नवी दिल्लीत त्यांचे निधन झाले. तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते.