कुलपे घडविणाऱ्याचा मुलगा : गेऑर्ग ओहम

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने एका विद्युतशास्त्रज्ञाचे चरित्र का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडण्याचा संभव आहे. माझे उत्तर साधे आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीवर वीज चालू असल्याची खूण म्हणून लाल एल.ई.डी. बसवायचा, तर त्याच्यासोबत किती ओहमचा रोधक जोडावा, हा हिशेब मला जमाखर्चासारखाच वाटला. मग ज्यांच्या नावाने हा हिशेब मांडतात ते ओहम होते तरी कोण, याचे कुतूहल वाटू लागले.

गेऑर्ग सिमोन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी, आज जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात असलेल्या एर्लांगेन या गावी झाला. वडील कुलपे घडविणारे कारागीर. त्यांचे शालेय शिक्षण झालेले नव्हते. पण स्वतःच्या बळावर त्यांनी गणित आणि तत्त्वज्ञान आत्मसात केले होते. गेऑर्ग दहा वर्षांचे असताना आई वारली. वडिलांनी गेऑर्ग व मार्टिन या दोघा मुलांना घरीच गणित शिकविले. पुढे मार्टिनही नामवंत गणिती झाले.

१८०५ साली गेऑर्ग एर्लांगेनच्या विद्यापीठात दाखल झाले. तिथे मात्र त्यांचा वेळ अभ्यासापेक्षा नृत्य, बिलियर्ड आणि बर्फावरील घसरगुंडीत अधिक जाऊ लागला. वडील संतापले. दीड वर्षातच विद्यापीठ सुटले आणि १८०६ मध्ये हा तरुण स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणिताचा शिक्षक झाला. तिथे राहून त्यांनी ऑयलर आणि लाप्लास यांचे ग्रंथ स्वतःच अभ्यासले. १८११ साली परत येऊन त्यांनी डॉक्टरेट मिळविली. पण विद्यापीठातल्या तुटपुंज्या मिळकतीवर पोट भरेना, म्हणून पुन्हा शाळामास्तरकी पत्करली.

१८१७ मध्ये कोलोन येथील शाळेत त्यांना जागा मिळाली. या शाळेत पदार्थविज्ञानाची चांगली प्रयोगशाळा होती. शिकविण्याचे तास संपले की ओहम आपले प्रयोग करीत बसत. तारेतून वाहणारी वीज तारेच्या लांबीप्रमाणे कशी बदलते, हा त्यांचा प्रश्न होता. अडचण अशी की, त्या काळच्या बॅटरीचा जोर प्रयोग चालू असतानाच उतरत असे. पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्यांनी बॅटरी सोडून तांबे व बिस्मथ यांची जोडी घेतली. या जोडीचा एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवला की तिचा जोर स्थिर राहतो. मग २ इंचांपासून १३० इंचांपर्यंतच्या आठ तांब्याच्या तारा त्यांनी एकामागून एक तपासल्या. १८२६ साली नियम हाती आला : दाब वाढला की प्रवाह त्याच प्रमाणात वाढतो, रोध वाढला की त्याच प्रमाणात घटतो. (रोध हा शब्द आपल्या मराठी पाठ्यपुस्तकात आहे आणि कन्नड पाठ्यपुस्तकातही तोच आहे, ही गंमत दोन्ही विभागांच्या वाचकांसाठी.)

ग्रंथ लिहिण्यासाठी त्यांनी वर्षभराची रजा मागितली. रजा मिळाली, पण अर्ध्या पगारावर. १८२७ मध्ये बर्लिनला ग्रंथ प्रसिद्ध झाला. ओहमना विद्यापीठात प्राध्यापकपदाची आशा होती. प्रत्यक्षात ग्रंथाचे स्वागत थंडपणे झाले. काहींनी तर टीकाच केली. १८२८ मध्ये त्यांनी कोलोनची नोकरी सोडली. त्यानंतरची पाच-सहा वर्षे बर्लिनमध्ये किरकोळ शिकवण्यांवर गेली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रविद्यालयात जागा मिळाली, तेव्हा कुठे थोडे स्थैर्य आले.

ओहम यांच्या कितीतरी आधी, १७८१ च्या सुमारास, इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांना याच नियमाचा सुगावा लागला होता. पण त्यांनी तो छापलाच नाही. त्यांची टिपणे मॅक्सवेल यांनी १८७९ साली प्रसिद्ध केली. कॅव्हेंडिश अतिशय श्रीमंत होते. छापले काय, न छापले काय, त्यांचे काही अडत नव्हते. अर्ध्या पगाराच्या मास्तराने मात्र आपले काम जगापुढे ठेवण्याची जोखीम घेतली आणि तिची किंमतही मोजली. मला या दोघांतला हा फरक फार मोलाचा वाटतो.

१८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहमना कॉप्ले पदक दिले. म्हणजे ग्रंथानंतर चौदा वर्षांनी, आणि तेही परक्या देशातून. म्युनिकच्या विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी त्यांचे निधन झाले. १८८१ च्या पॅरिस परिषदेत रोधाच्या एककाला त्यांचे नाव मिळाले.

आता तो हिशेब. जमेला १२ व्होल्ट. लाल एल.ई.डी. स्वतःसाठी सुमारे २ व्होल्ट घेतो. शिल्लक १० व्होल्ट रोधकाने सोसायचे. खुणेच्या दिव्याला १० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०१ अँपिअर, पुरे. १० भागिले ०.०१, उत्तर १००० ओहम. रोधकावरचे पट्टे तपकिरी, काळा, लाल. त्यात खर्च होणारी शक्ती १० गुणिले ०.०१, म्हणजे ०.१ वॅट, तेव्हा पाव वॅटचा रोधक निर्धास्त चालतो. बॅटरी चार्ज होताना दाब १४ व्होल्टपर्यंत चढला, तरी प्रवाह १२ मिलिअँपिअरच होतो. साध्या एल.ई.डी.ची मर्यादा २० ची असते. उत्तर बाजारात मिळणाऱ्या दोन आकड्यांच्या मध्ये आले, तर वरचा आकडा घ्यावा. उजेड किंचित कमी पडेल, दिवा मात्र टिकेल.

यात एक विशेष आहे. एल.ई.डी. स्वतः ओहमचा नियम पाळत नाही. दाब थोडा वाढला की त्यातला प्रवाह भरमसाट वाढतो आणि तो जळून जातो. त्याला आवर घालायला नियम पाळणारा रोधक शेजारी लागतो.

आम्ही वाणिज्यवाले वर्ष संपले की खाते बंद करतो आणि नफा-तोटा काढतो. ओहम यांचे खाते १८२८ मध्ये बंद केले असते, तर नोकरी गेली, मान नाही, हाती फक्त एक न खपलेला ग्रंथ, असा निव्वळ तोटाच दिसला असता. परीक्षेच्या एका निकालावरून स्वतःचा ताळेबंद मांडणाऱ्या आपणां विद्यार्थ्यांनी, निदान इन्व्हर्टरवरचा तो लाल ठिपका दिसेल तेव्हा तरी, या शाळामास्तरांची आठवण ठेवावी.