शेजारचा तारा शोधणारे एडवर्ड बार्नार्ड

एडवर्ड बार्नार्ड हे एक थोर खगोलशास्त्रज्ञ होते.

एडवर्डचा जन्म १६ डिसेंबर १८५७ रोजी अमेरिकेतील नॅशव्हिल या शहरात झाला. त्याच्या जन्माआधीच वडील वारले होते. घरची परिस्थिती लई गरिबीची. आईने एकटीने दोन लेकरं सांभाळली. एडवर्डला शाळा मिळाली ती फक्त दोन महिने. वाचायला त्याला आईनेच शिकवले.

जेमतेम नऊ वर्षांचा असताना तो एका फोटोच्या दुकानात कामाला लागला. त्या वेळी विजेचे दिवे नव्हते. फोटो मोठा करायला ऊन लागायचे. म्हणून दुकानाच्या छतावर एक भला मोठा कॅमेरा बसवला होता. त्याला गुरू ग्रहाचे नाव दिले होते. सूर्य जसा सरकेल तसा तो कॅमेरा हळूहळू फिरवत राहायचा, हे एडवर्डचे काम. आपल्याला सूर्य सरकताना दिसत नाही, पण त्याला दिवसभर तेच बघावे लागायचे. रात्री तो आभाळातले तारे ओळखायला शिकला.

पगारातून पैसे साठवून त्याने एक दुर्बीण घेतली. वर्षाच्या पगारातला अर्ध्याहून जास्त पैसा तिला लागला. १८७७ साली एक मोठे शास्त्रज्ञ त्यांच्या शहरात आले. त्यांनी सांगितले, की आधी गणित शिकावे लागेल. एडवर्डला फार वाईट वाटले, पण त्याने अभ्यास सुरू केला. तो नवे धूमकेतू म्हणजे शेंडेनक्षत्रं शोधू लागला. त्या वेळी एका नव्या धूमकेतूला २०० डॉलर बक्षीस मिळायचे. त्या बक्षिसांच्या पैशांतून बार्नार्ड यांनी घर बांधले! लोक त्याला धूमकेतूचे घर म्हणायचे.

१८८३ साली, लग्न झालेले असतानासुद्धा, ते विद्यापीठात शिकायला गेले. लहानपणी राहिलेला अभ्यास त्यांनी पंचविसाव्या वर्षी भरून काढला. आपल्या भागातली काही मुलं दिवाळी झाली की आई-बाबांसंगं ऊसतोडीला जातात आणि त्यांची शाळा बुडते. बार्नार्ड यांची तर सगळीच बुडाली होती. फडावर दिवे कमी असतात, म्हणून तिथे तारे जास्त दिसतात. पण गणित मात्र शाळेतच येऊन शिकावे लागते. पालकांनी हे जरूर वाचावे.

१८८८ साली बार्नार्ड लिक वेधशाळेत गेले. ९ सप्टेंबर १८९२ रोजी त्यांनी गुरू ग्रहाचा पाचवा चंद्र शोधला. आधीचे चार गॅलिलिओने १६१० साली पाहिले होते. त्यानंतर १८९५ साली ते यर्किस वेधशाळेत गेले. (याच लिक वेधशाळेचे लोक १८९८ साली सूर्यग्रहण बघायला आपल्या महाराष्ट्रात, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर गावी आले होते.)

आता त्यांचा तारा. १९१६ साली बार्नार्ड यांनी आभाळाचा एक नवा फोटो आणि १८९४ सालचा जुना फोटो जुळवून पाहिला. सगळे तारे जागच्या जागी होते. एक बारीक ठिपका मात्र सरकला होता! २२ वर्षांत तो चंद्राच्या रुंदीच्या आठव्या भागाएवढा पुढे गेला होता. एवढा भराभर सरकणारा दुसरा तारा आजपर्यंत सापडलेला नाही. तरी त्याला चंद्राएवढी रुंदी ओलांडायला सुमारे १८० वर्षे लागतात.

तो भराभर सरकतो, कारण एक तर त्याचा वेग जास्त आहे आणि दुसरे म्हणजे तो जवळ आहे. रस्त्याच्या कडेची झाडं गाडीतून पळताना दिसतात, लांबचा डोंगर मात्र हलत नाही, तसेच. सूर्याचा उजेड आपल्याकडे ८ मिनिटांत येतो. या ताऱ्याचा उजेड यायला ६ वर्षे लागतात. म्हणजे आज पोहोचलेला उजेड मी अंगणवाडीत होतो तेव्हा निघालेला आहे. तरी त्याला जवळचाच म्हणतात. सूर्यानंतर मित्र तारा आणि त्याचे दोन सोबती, त्यांच्यानंतर हाच.

एवढा जवळ असून तो डोळ्यांनी दिसत का नाही? कारण तो खुजा आणि थंड आहे. त्याची रुंदी सूर्याच्या सुमारे पाचव्या भागाएवढी आहे. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५५०० अंश तापलेला आहे, याचा सुमारे २९०० अंश. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होते आणि जास्त तापले की पांढरे होते. हा तारा लालच राहिला आहे. म्हणून अशा ताऱ्यांना लाल बटू म्हणतात. सूर्याच्या शेजारी असेच तारे जास्त आहेत.

अजूनही नवे शेजारी सापडतात. २०१३ साली साडेसहा प्रकाशवर्षांवर दोन तपकिरी बटू सापडले. २०१४ साली तर बर्फापेक्षा थंड असा एक सापडला! बार्नार्डच्या ताऱ्याला ग्रह आहेत हे २०२४ आणि २०२५ साली नक्की झाले. ते चार आहेत.

बार्नार्ड ६ फेब्रुवारी १९२३ रोजी वारले. तारा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून झोपलात, की रात्री दक्षिणेकडे विंचवाचा आकार बघा. त्याच्या वर भुजंगधारी आहे. त्यातच तो तारा आहे. डोळ्यांना दिसणार नाही, दुर्बीण लागेल. पण आहे तिथेच, हळूहळू सरकतोय.

अशा या चिकाटीच्या शास्त्रज्ञाला माझा नमस्कार.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, राणीसावरगाव