जुन्या गाडीच्या एसीमागचा माणूस: थॉमस मिजली

भंडाऱ्यात नवतपा लागला की पारा ४५ च्या आसपास जातो. अशा वेळी घरची जुनी गाडी काढून नागपूरला जायचं म्हटलं की नकोसं होतं, कारण एसी लावला तरी गरम हवाच येते. मेकॅनिककडे नेली की त्याचा पहिला प्रश्न असतो, गाडी कोणत्या सालची? २००३ च्या आधीची असेल, तर तिच्यात आर-१२ नावाचा गॅस असू शकतो. भारतात नव्या एसीत तो वापरायला २००३ पासून बंदी आली आणि २००८ मध्ये त्याचं उत्पादनही थांबलं. म्हणून अशा गाडीत नुसता गॅस भरून भागत नाही, अनेकदा कंप्रेसरच बदलावा लागतो. हा गॅस ज्याने आणला त्या थॉमस मिजलीची आज ओळख करून घेऊ.

मिजलीचा जन्म १८ मे १८८९ ला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. १९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून तो मेकॅनिकल इंजिनिअर झाला. हो, मेकॅनिकल! केमिस्ट्री त्याने नंतर स्वतःच शिकून घेतली. १९१६ मध्ये तो चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली ओहायोतल्या डेटनला लागला. तेव्हा गाड्यांच्या इंजिनांत ठोके पडायचे, ज्याला आपण नॉकिंग म्हणतो. मिजलीने एकामागून एक रसायनं पेट्रोलमध्ये मिसळून पाहिली आणि डिसेंबर १९२१ मध्ये उपाय सापडला: टेट्राएथिल लेड, म्हणजे सीसं असलेलं रसायन.

सीसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं. मिजलीला स्वतःला त्याची बाधा झाली आणि १९२३ मध्ये तो विश्रांतीसाठी फ्लोरिडाला गेला. पण मालाचं नाव 'एथिल' ठेवलं गेलं, त्यात सीसं हा शब्दच नव्हता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या एका रिफायनरीत हे रसायन बनवणारे पाच कामगार मेले. त्यानंतर मिजलीने पत्रकारांसमोर ते रसायन हातांवर ओतलं आणि मिनिटभर त्याचा वास घेऊन दाखवला. ज्याला स्वतःला वर्षभरापूर्वी विषबाधा झाली होती, त्याने हे करावं? माझ्या मते त्याच्या आयुष्यातली सगळ्यात न पटणारी गोष्ट हीच. भारतात सीसंयुक्त पेट्रोल बंद व्हायला फेब्रुवारी २००० उजाडला.

आता आपल्या एसीकडे येऊ. १९२० च्या दशकात फ्रीजमध्ये सल्फर डायऑक्साइड, अमोनिया, मिथाइल क्लोराइड असे गॅस असायचे. गळती झाली तर घरातल्यांच्या जिवावर बेतायचं. १९२८ मध्ये केटरिंगनी मिजलीला सांगितलं, न पेटणारा आणि विषारी नसलेला गॅस शोध. मिजलीने सहकाऱ्यांसोबत मूलद्रव्यांची तक्ता-मांडणी समोर ठेवली आणि थोड्याच दिवसांत फ्लोरिनपर्यंत पोहोचला. नशीबही असं, की कच्च्या रसायनाच्या ज्या बाटलीने पहिला प्रयोग केला तीच शुद्ध निघाली. बाकीच्या बाटल्यांत भेसळ होती. त्यांतली एखादी आधी उघडली असती, तर प्रयोगातला गिनीपिग मेला असता आणि काम कदाचित तिथेच थांबलं असतं. १९३० मध्ये त्याने रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत हा गॅस छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. विषारी नाही, पेटत नाही, दोन्ही एका फुंकरीत सिद्ध! हाच आर-१२.

गाडीत एसी आला तो या गॅसच्या जोरावर. १९४० च्या मॉडेलमध्ये पॅकार्ड कंपनीने तो दिला. त्या कंप्रेसरला क्लच नव्हता, एसी बंद ठेवायचा तर इंजिन थांबवून पट्टाच काढावा लागायचा.

त्याच वर्षी मिजलीला पोलिओ झाला. वय ५१. पाय गेले, तरी डोकं थांबलं नाही. पलंगावरून उठायला त्याने दोऱ्या आणि कप्प्यांचं यंत्र बनवलं. २ नोव्हेंबर १९४४ ला त्याच यंत्राच्या दोऱ्यांत गळफास लागून त्याचा मृत्यू झाला.

ओझोनचा प्रश्न त्याला कळलाच नाही. आर-१२ हवेत साधारण शंभर वर्षं टिकतो, वर जातो आणि त्यातला क्लोरिन ओझोन फोडतो, हे मोलिना आणि रोलँड यांनी १९७४ मध्ये दाखवलं. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारतही त्यात आला. सीशाचा धोका त्याला माहीत होता, ओझोनचा नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजू नयेत, असं मला वाटतं.

तर आता तुमची गाडी. आर-१२ च्या जागी बहुतेक ठिकाणी आर-१३४ए भरतात. त्यात क्लोरिन नाही, पण जुनं मिनरल ऑइल त्यात विरघळत नाही. ऑइल कंप्रेसरपर्यंत परत येत नाही आणि कंप्रेसर जाम होतो. म्हणून नवा कंप्रेसर १३४ए ला चालणारा आणि योग्य ऑइलचाच घ्या. ब्रॅकेट आणि पट्ट्याच्या खाचा जुळतात का ते आधी बघा. रिसीव्हर ड्रायर आणि ओ-रिंग सोबतच बदला. १३४ए चं प्रेशर उन्हात जास्त चढतं, त्यामुळे आपल्या ४५ डिग्रीत कंडेन्सरही पॅरलल फ्लोचा टाकला तर फरक जाणवतो. गॅस वजनाने भरायला सांगा, साधारण जुन्या मापाच्या ८० ते ९० टक्के. आणि सिस्टममध्ये आर-१२ उरला असेल, तर पाइप उघडून हवेत सोडू देऊ नका. रिकव्हरी मशीन असलेल्या गॅरेजमध्ये तो सिलिंडरमध्ये काढून घेतात.