फडाच्या आतून लिहिणारे अण्णाभाऊ

लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव (जि. सांगली) येथे झाला. शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले, हे आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. परंतु अक्षरांआधी त्यांच्या अंगात ताल भिनला होता, हे आम्ही येथे मुद्दाम नमूद करतो. बालपणी त्यांनी दांडपट्टा आत्मसात केला. वडिलांसोबत पायी मुंबई गाठून ते गिरणीत राबले. पुढे नात्यातील बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात रमले. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. तमाशाच्या गणातील गणेशस्तवनाच्या जागी मातृभूमीला व शिवरायांना वंदन आणून त्यांनी त्याच तमाशाचे लोकनाट्य केले.

आमच्या मते त्यांच्या लेखनातील एक मोठी कामगिरी मात्र थोडी दुर्लक्षित राहिली. तमाशातील नृत्यांगनेचे जीवन त्यांनी ‘वैजयंता’ या कादंबरीचा विषय केले. घुंगरांवर दौलतजादा करणारे पुष्कळ होते. नाचून थकलेल्या पायांची आणि अब्रूसाठी चाललेल्या झगड्याची दखल घेणारे विरळा. १९६१ मध्ये या कादंबरीवर मराठी चित्रपटही निघाला.

येथे दूरच्या जपानमधील एका कथेचे स्मरण होते. यासुनारी कावाबाता यांनी १९२६ साली ‘इझूची नर्तकी’ ही कथा लिहिली. फिरत्या कलावंतांसोबत चालणारा टोकियोचा एक विद्यार्थी रात्री धर्मशाळेत बसून दुरून येणारा त्यांचा ढोल ऐकतो आणि ढोल थांबला की अस्वस्थ होतो. त्याच वाटेवर गावांच्या वेशीवर फलक आहेत : भिकारी व फिरत्या कलावंतांनी गावात येऊ नये. कला हवी, कलावंत नको! वेशीबाहेरचे जिणे आमच्या वाडवडिलांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. कथा अतिशय तरल आहे. तरीही तो विद्यार्थी अखेर पाहुणाच. अण्णाभाऊ ढोलकीच्या या बाजूला, कलावंतांच्या पंगतीत बसलेले होते.

धम्मदीक्षेनंतर आपल्या समाजाने जातीने लादलेले वाजविणे-नाचणे टाकले. ते योग्यच झाले, असे आम्ही मानतो. मात्र त्यामुळे ढोलकीकडेच लाजेने पाहण्याची सवय काही घरांत रुजली. जळगाव जामोद परिसरातही भीमजयंतीला मुलगी गाते तेव्हा कौतुक होते. तिने नृत्य शिकायचे म्हटले की घर गप्प होते. अशा पालकांनी ‘वैजयंता’ अवश्य वाचावी. लाज नाचणारीने वाटून घ्यायची की तिला विकत घेऊ पाहणाऱ्याने, हा प्रश्न अण्णाभाऊंनी तेथे उघड मांडला आहे.

‘फकिरा’ ही गाजलेली कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटनही त्यांनीच केले. १९६१ साली ते रशियाला जाऊन आले व त्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिले. आयुष्याची बरीच वर्षे त्यांनी घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत काढली. १८ जुलै १९६९ रोजी, वयाची पन्नाशीही न गाठता, त्यांचे निधन झाले.