महात्मा फुले यांचा डावा हात

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आपल्या जुन्नर-आंबेगाव भागास नवे नाही. स्त्रीशिक्षणाचे प्रवर्तक, सत्यशोधक समाजाचे संस्थापक आणि शेतकऱ्यांचे कैवारी म्हणून शाळेतील प्रत्येक विद्यार्थी त्यांना ओळखतो. परंतु त्यांच्या अखेरच्या दोन-अडीच वर्षांची हकिकत त्यामानाने थोड्यांना ठाऊक आहे. घरात पक्षाघाताचा रुग्ण असलेल्या प्रत्येक कुटुंबाने ती वाचावी अशी आहे.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. प्राथमिक शिक्षणानंतर वडील गोविंदराव यांनी त्यांना शाळेतून काढून मळ्याच्या कामास लावले. मुलाची हुशारी शेजारी राहणाऱ्या गफार बेग मुन्शी यांच्या ध्यानी आली. त्यांनी व लिजिट साहेबांनी गोविंदरावांचे मन वळविले आणि १८४१ मध्ये जोतीराव पुण्याच्या मिशन शाळेत दाखल झाले. पुढे १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. त्यापायी पतिपत्नींना वडिलांचे घर सोडावे लागले, तेव्हा मित्र उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला. शिक्षणाच्या कार्यात शेजारधर्म किती मोलाचा असतो, हे या दोन प्रसंगांवरून दिसते.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि त्याचे वारे लवकरच आपल्या भागात पोचले. ओतूरचे बाळाजी कुसाजी पाटील यांनी पुरोहितावाचून लग्न लावले, त्यावरून कोर्टकचेरी झाली. १८८५ च्या सुमारास जुन्नर तालुक्यातील अनेक गावच्या कुळांनी सावकार-जमीनदारांच्या जमिनी कसण्याचे नाकारले. त्यांच्या पाठीशी जोतीराव उभे राहिले. शेतकऱ्यांच्या दैन्याची मीमांसा करणारा त्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ १८८३ चा. वाणी आणि लेखणी हीच या माणसाची हत्यारे होती.

११ मे १८८८ रोजी मुंबईच्या जनतेने त्यांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण केली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलै १८८८ मध्ये, त्यांच्या अंगावरून वारे गेले. उजवी बाजू लुळी पडली. लिहिता हात निकामी झाला. डॉ. विश्राम रामजी घोले या स्नेह्यांनी त्यांच्यावर उपचार केले.

येथे थोडे शरीरशास्त्र पाहणे आवश्यक आहे. मेंदूचा डावा भाग शरीराच्या उजव्या बाजूस चालवितो. बहुतेक माणसांत भाषेचे केंद्रही याच डाव्या भागात असते. १८६१ मध्ये पॅरिसच्या डॉ. ब्रोका यांनी एक रुग्ण तपासला. त्याला दुसऱ्याचे बोलणे समजत असे, परंतु स्वतःला एकच अक्षर उच्चारता येई. मृत्यूनंतर पाहिले तेव्हा त्याच्या मेंदूचा डावीकडील पुढचा भाग बिघडलेला आढळला. १८७४ मध्ये जर्मनीच्या वेर्निके यांनी दुसरा प्रकार वर्णन केला : रुग्ण भरभर बोलतो, पण बोलण्यात अर्थ नसतो आणि इतरांचे बोलणेही त्याला नीट उमजत नाही. या विकारास वाचाघात म्हणतात. वाचाघातात वाचन-लेखनही बिघडू शकते. म्हणूनच उजवे अंग गेलेल्या पुष्कळ रुग्णांची भाषाही जाते किंवा अडखळते.

जोतीरावांच्या हाताचे बळ गेले, पण भाषा शाबूत राहिली. एकसष्ट वर्षांच्या त्या माणसाने डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरे केले. एकाच घरात आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान व मुलगा सत्यधर्मी असला, तरी सर्वांनी प्रेमाने एकत्र नांदावे, हा विचार त्याच पुस्तकात आहे. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. पुस्तक १८९१ मध्ये दत्तक पुत्र यशवंत यांनी प्रसिद्ध केले.

सर्वांनाच असे दैव लाभत नाही. ज्यांची भाषाच जाते, त्यांचे हाल अधिक होतात, कारण घरचे लोक त्यांना वेडे किंवा हट्टी समजतात. वास्तविक वाचाघात म्हणजे वेड नव्हे. बुद्धी व भावना बहुधा जाग्या असतात. एखाद्या वृद्धास पाणी मागता येत नाही, परंतु लहानपणी पाठ केलेली सुरे फातेहा किंवा एक ते दहा आकडे तो म्हणून दाखवितो. त्यावरून तो सोंग करतो असे मानू नये. पाठांतर व नवे वाक्य जुळविणे या मेंदूच्या निरनिराळ्या क्रिया आहेत. आपल्या घरांत उर्दू आणि बाजारात मराठी बोलली जाते. अशा रुग्णाची एक भाषा दुसरीपेक्षा आधी परत येऊ शकते. म्हणून उपचार करणाऱ्यास रुग्णाच्या दोन्ही भाषा अवश्य सांगाव्यात.

तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी एक लक्षण जरी अचानक दिसले, तरी झाडपाला व अंगारेधुपारे यांत वेळ दवडू नये. रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन योग्य रुग्णास साधारणपणे साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. घोडेगाव किंवा ओतूरच्या वाडीवस्तीवरून मोठ्या दवाखान्यात पोचण्यास लागणारा वेळ लक्षात घेता प्रत्येक मिनिट मोलाचे आहे. पुढे वाचा-उपचाराने बरीच सुधारणा होऊ शकते. हे शास्त्र शिकविणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून आहे. आपल्या मुलामुलींनी या क्षेत्राचा जरूर विचार करावा.

रुग्णाशी सावकाश, छोट्या वाक्यांत बोलावे. त्याला उत्तर देण्यास वेळ द्यावा. त्याचे वाक्य आपण घाईने पुरे करू नये. चित्र, खूण, डाव्या हाताने काढलेले वेडेवाकडे अक्षर, जे जमेल त्याचे स्वागत करावे. जोतीरावांचा शेवटचा ग्रंथ अशाच हाताने लिहिला गेला, ही गोष्ट रुग्णाला व घरच्यांनाही धीर देणारी ठरो.