तारेचे दुसरे टोक : डॉ. विक्रम साराभाई

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हजीऱ्यास आमच्या बिऱ्हाडी दूरदर्शनचा नवा संच आला. गच्चीवर डिश बसविली, तिची तार खाली आणून जोडली. परंतु पडद्यावर काही केल्या चित्र उमटेना. शेवटी डिश बोटभर वळविली, तेव्हा कुठे ते स्वच्छ दिसू लागले. तारेचे एक टोक आमच्या हाती होते. दुसरे टोक शोधू लागलो, तो एका थोर पुरुषाच्या चरित्रापाशी येऊन पोहोचलो. ते पुरुष म्हणजे डॉ. विक्रम साराभाई.

विक्रमभाईंचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादेत, अंबालाल व सरलादेवी या दांपत्यापोटी झाला. वडील मोठे गिरणीमालक. घरात कशाचीच उणीव नव्हती. परंतु मुलाचे चित्त गिरणीपेक्षा विज्ञानात रमले. केंब्रिज येथे पदवी घेतल्यावर महायुद्धामुळे ते स्वदेशी परतले आणि बंगळूरास सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले. १९४७ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली व त्याच वर्षी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा या कोळ्यांच्या गावाहून पहिले रॉकेट उडाले. तेथील चर्चची इमारत हेच शास्त्रज्ञांचे कार्यालय होते.

ज्या देशात पोटभर अन्न नाही, त्याने आकाशाकडे कशाला पाहावे, असा आक्षेप तेव्हा घेतला जाई. विक्रमभाईंची दृष्टी मात्र खेड्यावर होती. उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ठेवला, तर पृथ्वीबरोबर फिरत असल्याने तो आपणांस स्थिर भासतो; त्यामुळे एकाच ठिकाणाहून सबंध देशास चित्र व शब्द पोहोचविता येतात. जेथे सडक नाही, तेथेही शिक्षण जाऊ शकेल, हे त्यांनी ओळखले. १९६९ साली अमेरिकेशी त्याविषयी करार झाला.

परंतु ३० डिसेंबर १९७१ रोजी, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी, कोवळम येथे त्यांचे अकस्मात निधन झाले. पेरलेले उगवले, ते पाहण्यास पेरणारा उरला नाही.

१ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष, अमेरिकेकडून मिळालेल्या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दिसू लागले. कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तशा जाळीची तीन मीटर व्यासाची डिश, तिची तार आणि गावास मिळून एक संच! सकाळी शाळकरी मुलांसाठी, सायंकाळी थोरांसाठी शेती, आरोग्य अशा विषयांचे कार्यक्रम असत. वर्ष सरताच तो उपग्रह परत गेला. पुढे १९८३ साली भारताचा इन्सॅट-१ ब आकाशात स्थिरावला, तेव्हा आपले स्वतःचे साधन हाती आले.

आमचा संच सुरू झाला, त्या सायंकाळी आम्ही घरातील चौघांनी दार लावून क्रिकेटचा सामना पाहिला. त्यात गैर काही नाही. परंतु विक्रमभाईंचे चरित्र वाचल्यावर मनाला थोडी टोचणी लागली. दुसऱ्या रविवारी आम्ही शेजारची मुले बोलावून विज्ञानाचा एक कार्यक्रम एकत्र पाहिला. विद्यार्थी मित्रहो, तार जोडणे सोपे आहे. तिच्यातून येणारे ज्ञान पुढच्या माणसापर्यंत नेणे, हे तुमचे-आमचे काम आहे.